ऐंशी काड्यांची रवी

आज ज्या वस्तूविषयी बोलणार आहे, ती मी पहिल्या पंधरवड्यातच वाया घालवली. तेव्हा आधी कबुली देतो आणि मग इतिहासाकडे वळतो.

माझा भाचा नोकरीनिमित्त काही वर्षं जपानमध्ये, ओसाकाला होता. सुटीवर आला तेव्हा त्यानं माझ्यासाठी हिरव्यागार भुकटीचा एक लहानसा डबा आणला आणि पारदर्शक प्लास्टिकच्या डबीत ठेवलेली बांबूची एक वस्तूही. ‘मामू, यानं चहा घुसळायचा,’ तो म्हणाला. मी घुसळला. चव उग्र, थोडी पालेभाजीसारखी. पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी आवडू लागली. चहा पिऊन झाला की ती वस्तू मी भांड्यांच्या साबणानं स्वच्छ धुवायचो, तळहातावर आपटून पाणी झटकायचो आणि पुन्हा डबीत घालून झाकण घट्ट लावायचो. दिवस पावसाळ्याचे. एका सकाळी डबी उघडली तर काड्यांच्या बुडाशी काळी बुरशी. भाच्याला फोन केला, तर तो आधी हसला आणि मग म्हणाला, ‘मामू, ती डबी फक्त दुकानातून घरी आणण्यापुरती असते.’

एवढ्या नाजूक वस्तूविषयी आपल्याला काहीच ठाऊक नव्हतं, याची लाज वाटली. त्या लाजेपोटी जे वाचलं, ते आज सांगतो.

जपानी भाषेत या वस्तूला चासेन म्हणतात. आपल्या ताक घुसळायच्या रवीची ती फार दूरची, फार सडपातळ बहीण समजा. लांबी जेमतेम अकरा-बारा सेंटिमीटर. बांबूचं एकच कांडं. खालचा भाग मुठीसारखा अखंड आणि वरचा भाग चिरत चिरत त्याच्या काड्या केलेल्या. नेहमीच्या चासेनमध्ये बाहेरच्या कड्याला ऐंशी आणि आत गाभ्यात आणखी तेवढ्याच. कुठं डिंक नाही, खिळा नाही, जोड नाही. काड्या फाकलेल्या राहाव्यात म्हणून बुडाशी एक दोरा ओवलेला, इतकंच. या काडीला तिकडं ‘हो’ म्हणतात. ‘हो’ म्हणजे धान्याची लोंबी. कवी माणसाला एवढं पुरे असतं. मी त्या शब्दापाशीच बराच वेळ थांबलो होतो.

पण मुळात चहा घुसळायचा कशाला? आपण चहाची पत्ती उकळतो, गाळतो आणि चोथा टाकून देतो. मात्चा या चहात पानच पोटात जातं. तोडणीच्या आधी वीसएक दिवस झुडपांवर आच्छादन घालून ऊन अडवतात, म्हणजे पान कोवळं आणि गडद हिरवं होतं. मग वाफवून, वाळवून, शिरा काढून ते दगडी जात्यावर दळतात. एक जातं तासाभरात तीस-चाळीस ग्रॅमच भुकटी देतं. ही भुकटी पाण्यात विरघळत नाही, नुसती तरंगते आणि थोड्या वेळानं तळाशी बसते. तिच्या गुठळ्या मोडायच्या, ती पाण्यात सारखी पसरवायची आणि वर फेस आणायचा, हे काम चासेनचं. चहाच्या पानात सॅपोनिन असतं. आपल्या रिठ्याला फेस येतो तो याच जातीच्या द्रव्यामुळं.

या वस्तूचा जन्म मात्र जपानचा नाही, चीनचा. सोंग राजवटीत चहाच्या पानांच्या वड्या थापत, त्या कुटून-दळून भुकटी करत आणि काळ्या वाडग्यात गरम पाणी ओतून घुसळत. कुणाचा फेस अधिक पांढरा, कुणाचा अधिक वेळ टिकतो, याच्या पैजा लागत. अकराव्या शतकाच्या मध्यावर चहावर लिहिणारा त्साय श्यांग हा दरबारी घुसळण्यासाठी चमचा वापरायला सांगतो. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत मात्र चमचा मागं पडला आणि बांबू पुढं आला. 1107 च्या सुमारास सम्राट ह्वेइत्सोंग यानं चहावर स्वतः एक ग्रंथ लिहिला, त्यात या घुसळणीचं वर्णन आहे. ती जुन्या, पक्व बांबूची असावी, बूड जड आणि काड्या विरळ पण ताठ असाव्यात, टोकाकडं त्या निमुळत्या व्हाव्यात, असं तो बजावतो. हा राजा उत्तम चित्रकार होता, सुलेखनकार होता. काडी टोकाला किती बारीक असावी हे त्याला नेमकं ठाऊक होतं. सरहद्दीवर काय चाललंय ते मात्र वेळेवर कळलं नाही. 1127 मध्ये उत्तरेकडच्या जुर्चेन लोकांनी त्याला कैद करून नेलं. 1135 मध्ये तो कैदेतच मेला.

1269 मध्ये चीनमध्ये चहाच्या बारा उपकरणांची एक चित्रमालिका तयार झाली. गंमत अशी, की त्यात प्रत्येक उपकरणाला दरबारी हुद्दा दिलेला आहे. घुसळणीला मिळालेला हुद्दा आहे उपसेनापतीचा आणि आडनाव ‘झू’. या आडनावाचं अक्षर बांबूवरून आलेलं आहे आणि जुन्या चिनी लिखाणात हिंदुस्थानला जे नाव होतं, त्यातही हेच अक्षर येतं.

पुढं 1391 मध्ये मिंग घराण्याच्या पहिल्या सम्राटानं, जो स्वतः गरीब शेतकऱ्याच्या घरात जन्मला होता, दरबाराला नजराणा म्हणून चहाच्या वड्या पाठवण्याची पद्धत बंद केली. वड्या करण्यात रयतेचे फार हाल होत. सुटी पत्ती पाठवा, असा हुकूम निघाला. सुटी पत्ती गरम पाण्यात भिजवली की झालं. घुसळायचं काही उरलं नाही. उपसेनापती सेवानिवृत्त झाले.

तोवर ही रीत समुद्रापलीकडं गेली होती. एइसाई नावाचा बौद्ध भिक्षू 1191 मध्ये चीनहून जपानला परतला. झेन पंथाच्या शिकवणीबरोबर त्यानं चहाही आणला आणि पुढं चहाच्या औषधी गुणांवर पुस्तक लिहिलं. मठांत भुकटीचा चहा रुजला. ध्यानाला बसलेल्यांना झोप येऊ नये, हा व्यवहार्य हेतू. पंधराव्या शतकात नारा शहरातला मुराता जुको (1423 ते 1502) यानं चहाला श्रीमंती थाटातून बाहेर काढून लहान खोलीत, साध्या भांड्यांत आणलं. आपण ज्याला जपानी चहाविधी म्हणतो, त्याचा पाया इथं आहे.

नाराजवळच ताकायामा नावाचं खेडं आहे. आज ते इकोमा शहरात मोडतं. (पर्यटकांच्या नकाशात ठळक असलेलं डोंगरातलं ताकायामा ते हे नव्हे.) तिथं सांगतात ती कथा अशी : गावच्या सरदाराचा धाकटा मुलगा सोझेइ हा जुकोचा स्नेही. भुकटी नीट घुसळता येईल असं काहीतरी करून दे, असं जुकोनं त्याला सांगितलं आणि त्यानं एका कांड्यातून चासेन घडवली. ती सम्राट गो-त्सुचिमिकादोपुढं ठेवली गेली. सम्राटाला ती आवडली आणि त्यानं तिला नाव दिलं ‘ताकाहो’, म्हणजे उंच लोंबी. दंतकथेत असतो तेवढा गोडवा यातही असेल. पण तेव्हापासून पाचशे वर्षं ताकायामात चासेन बनते आहे, आणि आजही जपानात बनणाऱ्या चासेनांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक याच गावच्या असतात.

ही विद्या घराबाहेर जाऊ द्यायची नाही, असा दंडक होता. बाप एकाच मुलाला शिकवणार, तोही पुढं एकालाच. सरदार घराणं दुसरीकडं चाकरीला गेलं तेव्हा त्यानं ही कला मागं राहिलेल्या सोळा आश्रितांच्या हाती सोपवली. ही घरं दिवसा शेती करत आणि कुणी हात पाहू नयेत म्हणून रात्री बांबू चिरायला बसत. या गुप्ततेनं कला शुद्ध राहिली, असं कौतुकानं म्हटलं जातं. मला त्याची दुसरी बाजूही दिसते. एका घरात एकच वारस, आणि तो आजारानं गेला किंवा त्याचे हात त्या कामाचे नसले, तर त्या घराची वाट तिथंच संपणार.

आता ते रात्री करत काय, ते पाहू. दोन-तीन वर्षांचा बांबू हिवाळ्यात तोडतात. पाण्यात उकळून त्याचं तेल काढतात आणि थंडीच्या उन्हात मोकळ्या शेतात त्याचे शंकूसारखे ढीग उभे करतात. हिरवा बांबू हळूहळू फिका पिवळा होतो. मग तो निदान वर्षभर, कधी दोन-तीन वर्षं कोठीत मुरतो. इतकं झाल्यावर कामाला सुरुवात. पेराची गाठ मुठीकडच्या बाजूला येईल अशा बेतानं कांडं कापतात. वरच्या भागाची साल काढतात आणि त्याचे उभे सोळा भाग करतात. प्रत्येक भाग बाहेर वाकवून आतला गर काढून टाकतात, म्हणजे सालीलगतचा चिवट पापुद्रा तेवढा राहतो. मग प्रत्येक भागाच्या दहा काड्या, एक जाड, एक बारीक, पुन्हा एक जाड. एकूण एकशे साठ. जाड त्या बाहेर, बारीक त्या आत.

यानंतरच्या पायरीचं नाव आहे ‘आजि-केझुरी’, म्हणजे चव तासणं. काड्यांची टोकं गरम पाण्यात मऊ करून आतल्या अंगानं तासत जातात, बुडाशी जाड आणि टोकाकडं इतकी पातळ, की उजेड आरपार दिसावा. ही तासणी जमली नाही तर चहाची चव बिघडते, असं कारागीर मानतात. मग त्या टोकांना आत बाक देतात. शेवटी बाहेरच्या प्रत्येक काडीच्या दोन्ही कडा सुरीनं मारतात, म्हणजे भुकटी आणि फेस काडीला चिकटत नाही. ऐंशी काड्या, एकशे साठ कडा. एक मोडली तर सगळं कांडं वाया. हत्यारं म्हणाल तर दोन-चार सुऱ्या आणि बोटं. दोरा ओवायचं काम बहुतेक घरांत बायकांकडं असे. इतिहासात मात्र नावं नोंदली गेली ती बाप-लेकांची.

हे वाचल्यावर माझ्या चुका मला एकेक करून दिसू लागल्या. चासेन वापरण्याआधी तिची टोकं क्षणभर कोमट पाण्यात बुडवायची असतात, कारण ती पाण्यानंच मऊ करून वळवलेली असतात आणि कोरडी टोकं कडकन मोडतात. चहाविधीत हे भिजवणं सर्वांसमोर होतं आणि यजमान चासेन वर उचलून काडी तुटलेली नाही ना, हे पाहतो. पाहुण्याच्या घशात काडी जाऊ नये, एवढी साधी काळजी त्या देखण्या हालचालीमागं आहे. भुकटी आधी चाळून घ्यावी. दोन ग्रॅमला साधारण साठ-सत्तर मिलिलिटर पाणी, उकळी उतरून थोडं निवलेलं. रवीसारखी गोल फिरवायची नाही, मनगट सैल सोडून भरभर मागं-पुढं करायची. वाडग्याच्या तळावर दाबायची नाही. मी तर वरणात डाव फिरवावा तशी दाबून फिरवत होतो.

आणि साबण मुळीच नाही. बांबू साबण पितो आणि पुढच्या चहात परत देतो. वाडग्यात स्वच्छ कोमट पाणी घेऊन त्यातच दोन-चारदा घुसळली की ती धुतली जाते. मग पाणी झटकून सावलीत, वारा लागेल अशी उघडी ठेवायची. उन्हात किंवा चुलीजवळ ठेवली तर तडकते. चिनी मातीचा एक लहान कंदासारखा ठोकळा मिळतो, त्यावर ती बसवली तर काड्यांचा बाक टिकतो. नव्या चासेनचा गाभा पिळलेला, मिटलेला असतो. वापरात तो उमलतो, तेव्हा बिघडली असं समजू नये.

एवढं करूनही रोज वापरली तर ती काही महिनेच टिकते, आणि इथंच मला तिचा इतिहास चटका लावून गेला. चहाची बाकी भांडी पिढ्यान्‌पिढ्या चालतात. याच मुराता जुकोकडं चहाची भुकटी ठेवायची एक चिनी मातीची इवलीशी कुपी होती, ‘त्सुकुमो नासु’ नावाची. 1568 मध्ये ती एका सरदारानं ओदा नोबुनागाला नजर केली, पुढं ती हिदेयोशीकडं गेली. 1615 मध्ये ओसाकाचा किल्ला पडला तेव्हा ती फुटली. राखेतून तिचे तुकडे वेचून लाखेनं जोडले गेले, आणि आज ती तोक्योच्या सेइकादो संग्रहात आहे. पाचशे वर्षांत ती कुणाकुणाच्या हातात होती, त्याची यादी आहे. त्याच जुकोसाठी बनलेल्या पहिल्या चासेनचं काय झालं? झिजली असणार, संपली असणार. चहाविधीत तर चासेन आणि वाडगा पुसायचं फडकं ही नवीकोरीच असावीत, असा संकेत आहे. वाडगा जितका जुना तितका त्याचा मान, आणि चासेन जितकी नवी तितका पाहुण्याचा मान.

सेन नो रिक्यू या चहागुरूला 1591 मध्ये हिदेयोशीच्या हुकमावरून पोट चिरून मरावं लागलं. त्याच्या वंशजांच्या तीन शाखा झाल्या आणि प्रत्येकीचा बांबू वेगळा ठरला. उरासेन्के पांढरा बांबू वापरतात, मुशाकोजिसेन्के काळा, तर ओमोतेसेन्के धुरकट. हा धुरकट बांबू म्हणजे जुन्या गवती छपरांच्या शेतघरांतला, चुलीच्या धुरात शंभर-दीडशे वर्षं काळवंडत गेलेला. ती घरं गेली, चुली गेल्या, त्यामुळं हा बांबूही दुर्मीळ झाला. फेसाचीही तीच तऱ्हा. उरासेन्के वाडगाभर फेस आणतात, तर ओमोतेसेन्के एका कडेला फेसाविना थोडी जागा राखतात, चंद्राच्या कोरीएवढी. ईदच्या चाँदची वाट पाहत गच्चीवर उभ्या राहिलेल्या माणसाला ही रीत पटकन पटते.

पण चासेन फक्त दरबारी नव्हती. तोयामा भागातल्या एका डोंगरी खेड्यात बायका एकत्र बसून काळपट आंबवलेला चहा घुसळतात. त्यांच्या चासेन जोडीनं बांधलेल्या असतात, म्हणून त्यांना नवरा-बायको म्हणतात. घुसळताना होणाऱ्या आवाजावरून त्या चहाचं नाव ‘बाताबाता’. क्योतोत पूर्वी वर्षअखेरीला भजनं म्हणत फिरणारे लोक घरोघरी चासेन विकत. आणि पश्चिम जपानच्या काही भागांत बांबूकाम करून चासेन विकणाऱ्यांच्या जमातीलाच ‘चासेन’ म्हणत. समाजात त्यांना हलकं लेखलं जाई, त्यांची वस्ती वेगळी. ताकायामाच्या कारागिरांना मान होता; तेच काम दुसऱ्या मुलखात कलंक ठरलं. बुरुडाच्या सुपात धान्य पाखडून बुरुडाला उंबऱ्याबाहेर उभं करणाऱ्या आपल्यासारख्यांना याचं नवल वाटायचं कारण नाही.

विसाव्या शतकात ताकायामाला माणसं अपुरी पडू लागली आणि एका वारसाचा दंडक सैल करावा लागला. घराबाहेरच्या हातांनाही काम शिकवलं गेलं. 1975 मध्ये सरकारनं ताकायामाच्या चासेनला पारंपरिक हस्तकलेचा दर्जा दिला. आता तिथं हे काम करणारी घरं वीसच्या आसपास उरली आहेत. दुसरीकडं मात्चा जगभर इतका खपू लागला, की 2024 च्या शरदात उजी-क्योतोच्या जुन्या पेढ्यांना गिऱ्हाइकामागं किती डबे द्यायचे यावर मर्यादा घालावी लागली. मागणी वाढली तशी स्वस्त चासेनही वाढली, आणि ती बहुतेक चीनमधून येते. ज्या मुलखातून सहाशे वर्षांपूर्वी ती नाहीशी झाली, तिथंच ती आता परदेशी बाजारासाठी बनते.

बुरशी लागलेल्या माझ्या चासेनची डबी मी नंतर भिंगाखाली पाहिली. तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं, चीनमध्ये तयार केलेली. म्हणजे मी बिघडवली ती ताकायामाची नव्हती. सुटकेचा श्वास टाकणार होतो, तेवढ्यात वाटलं, तीही कुणीतरी अशीच बसून चिरली असेल, आणि तिला गावाचंही नाव नाही.

जपानमध्ये झिजलेल्या चासेन कचऱ्यात टाकत नाहीत. त्या जमवून काही मठ-मंदिरांत त्यांचा निरोपाचा विधी करतात, आभार मानून त्या अग्नीला देतात. या विधीला ‘कुयो’ म्हणतात. बौद्ध ग्रंथ चिनी भाषेत नेताना ‘पूजा’ या संस्कृत शब्दासाठी जो शब्द योजला, त्याचाच हा जपानी उच्चार.

माझी चासेन अजून टेबलावर आहे. परवा तिच्या बाहेरच्या काड्या मोजल्या. ऐंशी हव्यात, त्र्याहत्तर भरल्या. उरलेल्या सात बहुधा मीच चहाबरोबर प्यायलो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)